चौथ्या खड्ड्याचं पाणी

मोदुगुपल्लीत ऐलय्याला अख्खं गाव जावई म्हणतं. बहात्तरी उलटली, दाढा गेल्या, तरी जावईच. किराणावाला सांगतो, "जावई, आज तंबाखू आली नाही." मेव्हणीची नातवंडं ओरडतात, "जावई आजोबा, सरका, आम्हाला खेळायचंय." सासुरवाडीला येऊन राहिलेल्या माणसाला दुसरं नाव उरत नाही, आणि ऐलय्याने ते कधी मागितलंही नाही.

संध्याकाळी तो पारावर येऊन बसतो. बोलणं कुठूनही सुरू होवो, थोड्या वेळाने तो म्हणतोच, "आम्ही तंबूत असताना..." ऐकणारे हळूच एकमेकांकडे बघतात. तंबूतली अकरा वर्षं त्यांची तोंडपाठ झाली आहेत. कुणी उठून जातो, कुणी कौतुकाने बसून राहतो. ऐलय्याला दोन्ही चालतं. तो सांगतो ते बहुधा त्यांच्यासाठी नसतंच.

ऐलय्या वडाराच्या घरचा. बाप सायलू विहिरी खणायचा. विहिरीचं काम मिळालं की सगळं बिऱ्हाड त्या शेतातच पडायचं, सहा-सहा महिने. सायलूकडे यंत्र नव्हतं, नकाशा नव्हता. खणता खणता ओली माती हाताला लागली की तो तळहातावर वळून तिची वात करायचा. वात बोटावर गुंडाळली तरी तुटली नाही, तर ती माती पाणी धरून ठेवणारी. वळतानाच भुगा झाली, तर पाणी सोडणारी. असं करत त्याने सत्तावीस विहिरी खणल्या. तीन कोरड्या निघाल्या. त्या तिघींची नावं तो मरेपर्यंत घेत असे, पाणी लागलेल्यांची घेत नसे.

मोदुगुपल्लीची पिण्याची विहीर ही त्यातली एकविसावी. ती खणली तेव्हा ऐलय्या एकोणीस वर्षांचा होता. विहिरीला वरच्या अंगाने, माळाच्या बाजूने, मुरमातून झरा फुटला होता. सायलूने त्या झऱ्याला हात लावून मुलाला सांगितलं, "हे पाणी इथलं नाही. वरच्या माळावर पडतं, आणि चालत चालत इथे येतं." त्याच विहिरीवर दगड वाहणाऱ्यांच्या घरातली लच्चव्वा ऐलय्याला दिली गेली. सासऱ्याने पाणी बघून मुलगी दिली, असं गावात म्हणायचे.

पुढे बोअर मारणाऱ्या गाड्या आल्या. सहा महिन्यांचं काम एका दिवसात व्हायला लागलं. सायलू गेला, आणि ऐलय्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला. तिथेच चक्रपाणींनी त्याला पाहिलं.

चक्रपाणी हे गोदावरीच्या मुखाकडचे, समुद्रकाठच्या भातपट्ट्यातले, जमीन तपासणाऱ्या एका खाजगी कंपनीतले. उंच, किडकिडीत, डोक्यावर कायम काळी छत्री. बोलणं असं गोड आणि लांबट, की इकडचे मजूर त्यांच्या पाठीमागे नकला करायचे. दुपारच्या सुट्टीत ऐलय्या सवयीने ओल्या मातीची वात वळत बसला होता. चक्रपाणी छत्री मिटून समोर उकिडवे बसले.

"हे कुणी शिकवलं, ऐलय्यागारू?"

ऐलय्याने मागे वळून बघितलं. त्याला 'गारू' लावून, म्हणजे राव म्हणून, आजवर कुणीच हाक मारली नव्हती.

"बापाने, सार."

"आमच्या पुस्तकातही हेच आहे. फक्त तुझ्या बापापेक्षा पंचवीस पानं जास्त." आणि उठता उठता म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडे ये."

असा ऐलय्या तंबूत आला. पार्टी तिघांची. चक्रपाणी, ऐलय्या आणि टँकर चालवणारा खाजा. कुठे धरण व्हायचं असो, कुठे कारखान्याचं सांडपाण्याचं तळं, त्याआधी हे तिघे तिथे जाऊन जमीन किती पाणी पिते ते मोजायचे. खड्डा खणायचा, भरायचा, पट्टी उभी करायची आणि पाणी किती वेळात किती उतरतं ते लिहायचं. बोअर असेल तर पोलादी टेपच्या शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर ओला, तिथवर पाणी. मग बोअरमध्ये बादलीभर पाणी एकदम ओतायचं आणि ते किती वेळात खाली बसतं ते बघत राहायचं. जमिनीच्या पोटातलं पाणी कसं चालतं हे त्यावरून कळतं, असं चक्रपाणी सांगायचे.

बाहेरच्याला ते काम म्हणजे दिवसभर पाण्याकडे बघत बसणं. पण ऐलय्याला आजही त्यातलं सगळं हवंहवंसं वाटतं. सकाळी कोरड्या मुरमावर पहिलं पाणी पडल्यावर येणारा तो चुळचुळ आवाज. दर पंधरा मिनिटांनी चक्रपाणींनी विचारायचं, "बोल", आणि आपण पट्टीपाशी वाकून आकडा सांगायचा. मधल्या वेळात तिघांचं भांडण. चक्रपाणींना तिन्ही त्रिकाळ भात, त्यावर गावाकडून आलेलं जाळ लोणचं. ऐलय्याला ज्वारीची भाकरी.

"तुम्ही लोक भाकरी खाता की कौलं?" चक्रपाणी विचारायचे.

"कौलं खातो म्हणून तर खड्डे खणतो, सार. भात खाणाऱ्याने छत्री धरावी."

खाजा हसत हसत स्टोव्हला पंप मारायचा. सुरुवातीला चक्रपाणी प्रत्येक आकडा स्वतः येऊन तपासायचे. तिसऱ्या वर्षापासून त्यांनी तपासणं सोडलं. छत्रीखाली बसून, ऐलय्या सांगेल तो आकडा लिहायचे आणि खाली सही करायचे. ऐलय्याला त्या कामात एवढी एकच गोष्ट स्वतःची वाटायची.

लच्चव्वा मात्र या अकरा वर्षांत माहेरीच होती. तंबूत बायकोला कुठे ठेवणार? महिन्या-दोन महिन्यांनी ऐलय्या यायचा, चार दिवस राहायचा, जायचा. ती तक्रार करत नसे, पण तो निघताना कधी दारापर्यंत यायची नाही.

अकराव्या वर्षी काम निघालं ते नेमकं मोदुगुपल्लीच्या माळावर. तालुक्याच्या गावाचा कचरा डेपो तिथे करायचा घाटत होता. पावसाने दोन वर्षं पाठ फिरवलेली, माळावर पळसाची झाडं तेवढी उभी. खाजाचा टँकर माळावर चढताना बघून गावाला वाटलं, पाण्याची योजना आली. खरं काय ते ऐलय्याने सांगितल्यावर म्हातारे त्याच्याभोवती जमले.

"म्हणजे आमच्या डोक्यावर त्यांचा कचरा?" सासऱ्याने विचारलं.

"अजून काही ठरलं नाही, मामा. जमीन पाणी पिणारी निघाली, तर इथे होणार नाही. कचऱ्यातून झिरपलेलं पाणी खाली विहिरीत जाईल ना."

"मग काळजी कसली? तुझ्या बापाने सांगितलंय की, पाणी वरून येतं."

ऐलय्याने हे चक्रपाणींच्याही कानावर घातलं. खालच्या तीन खड्ड्यांत काळी चिकट माती लागली होती, तिथे पाणी हलायला तयार नव्हतं. प्रश्न होता तो वरच्या, पळसापाशी मुरमात खणलेल्या चौथ्या खड्ड्याचा. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, कमरेएवढा खोल.

"सार, हा पिणारा आहे. माझ्या बापाने हा झरा पाहिलाय."

"बापाने किती विहिरी खणल्या?"

"सत्तावीस."

"कोरड्या किती?"

"तीन."

"म्हणजे नवातली एक. आपला चौथा खड्डा ती नववी नाही कशावरून? बाप सांगू दे, आजा सांगू दे, लिहायचं ते पट्टी सांगेल तेच."

पहिल्या दिवशी भरलेला चौथा खड्डा दुपारपर्यंत कोरडा झाला. पण चक्रपाणींनी ते धरलं नाही. कोरड्या मातीची पहिली तहान मोजायची नसते, तिला आधी पोटभर पाजायचं आणि मग मोजायचं, हा कामाचा नियम होता. दोन-तीन दिवस पाजू म्हणेपर्यंत बतुकम्माचा, म्हणजे फुलांचे मनोरे रचून नवव्या दिवशी पाण्यात सोडायच्या बायकांच्या सणाचा, शेवटचा दिवस आला, आणि पाठोपाठ दसरा. चक्रपाणी गावी निघाले. खाजाने सकाळी खड्डा आणि सहा पिंपं भरून दिली आणि तोही गेला. माळावर राखणीला ऐलय्या एकटा. चक्रपाणी जीपमधून वाकून म्हणाले, "खड्ड्यात शेळी पडू देऊ नकोस. बाकी तू आहेसच."

सकाळीच पाच-सहा जणी माळ चढून आल्या. पुढे राजव्वा, लच्चव्वाची थोरली बहीण. जिभेला हाड नसलेली बाई. तिच्या मागे पदर सावरत लच्चव्वा.

"काय जावई, सरकारचं पाणी राखताय?"

"राखतोय."

"तळ्यात बेडूकसुद्धा उरला नाही. नऊ दिवस फुलं गोळा केली. आज बतुकम्मा काय धुळीत सोडायच्या?"

"विहिरीत सोडा."

"प्यायच्या विहिरीत? का, तुमच्या बापाने खणली म्हणून?" बायका हसल्या. राजव्वाने खड्ड्याकडे बोट केलं. "एवढा चौकोनी, सुरेख खड्डा. त्यात सोडतो. सकाळी फुलं काढून घेऊ."

"सरकारी काम आहे, अक्का."

"सरकारला काय लेकीबाळी नाहीत? त्यांनाही बोलवा, मलिदा खाऊन जातील."

ऐलय्याने लच्चव्वाकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. अकरा वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. फुलं तर काय, तरंगतात, काढली की संपलं. तो म्हणाला, "बरं. पण सकाळी एक पाकळी दिसता कामा नये."

"आणि आता जेवायला चला. सणाला जावई माळावर उपाशी बसला, तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

तो गेला. चिंचेचा भात, तिळाचा भात, दहीभात, वरून सासऱ्याने आणलेली ताडी. जेवून ओसरीवर आडवा झाला तो दिवस कलल्यावरच उठला. धावतपळत माळावर आला, तर खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं, पिंपं रिकामी होती आणि गावातल्या सगळ्या बायका खड्ड्याभोवती फेर धरून टाळ्या वाजवत होत्या. तरवडाची पिवळी, कुरडूची गुलाबी-पांढरी, झेंडूची केशरी, फुलांचे मनोरे एकामागून एक पाण्यात उतरले आणि हलत हलत मधोमध गेले. पळसाच्या मागे सूर्य बुडत होता. लच्चव्वाने त्याच्या हातावर मलिदा ठेवला. तसली संध्याकाळ पुन्हा बघितली नाही, असं ऐलय्या अजून म्हणतो.

सकाळी बायकांनी फुलं काढून पळसाच्या बुडाशी नेऊन ठेवली. खड्डा स्वच्छ. पाणी मात्र बरंचसं तसंच होतं. ऐलय्याला वाटलं, चला, माती पोटभर प्याली.

चक्रपाणी आल्यावर खड्डा पुन्हा भरला, एक दिवस मुरू दिला, आणि मग मोजणी झाली. सहा तास. ऐलय्या वाकायचा आणि आकडा सांगायचा. सहा तासांत पाणी अकरा मिलिमीटर उतरलं. फक्त अकरा.

ऐलय्या पट्टीकडे बघत राहिला. एक गोष्ट त्याला खटकली होती. मुरमाच्या खड्ड्यात पाणी भरलं की कडेचे खडे सुटून आत पडतात, तसा एकही पडला नव्हता. पण पट्टी समोर होती. त्याला वाटलं, बाप चुकला. चौथी कोरडी विहीर निघाल्यावर बापाचा चेहरा जसा झाला असता, तसा आता आपला झाला असणार, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

चक्रपाणी खुशीत होते. खाजाला पाठवून त्यांनी मिरचीभजी आणवली. "झालं काम. उद्या सकाळी कागद घेऊन हैदराबादला जातो. आणि ऐकून ठेव, ऐलय्यागारू. कंपनीत कायमचा माणूस घ्यायचाय, मी तुझं नाव देतोय. राहायला एक खोली मिळेल. नळ आहे म्हणतात. बायकोला घेऊन ये."

ऐलय्याने ही बातमी घरी सांगितली तेव्हा लच्चव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"खोलीला खिडकी आहे?" तिने विचारलं.

"असेल की."

"असेल की नाही, विचारायचं ना." आणि ती अशी हसली, की तिची बहीणही जरा गप्प झाली. पण राजव्वा गप्प किती वेळ राहणार?

"घ्या! जावई हैदराबादला, लच्चव्वा नळाखाली. आणि हे सगळं कुणामुळे? आमच्यामुळे."

"तुमच्यामुळे कसं, अक्का?"

"तुमचा तो खड्डा! सकाळी टँकरने भरला आणि दुपारी आम्ही जाऊन बघतो तर ठणठणीत. राक्षस आहे नुसता. तुम्ही इथे घोरत पडलेले. मग मी म्हटलं, घरं सारवायला आणलेला तळ्यातला गाळ उरलाय, शेण आहे. चार जणी उतरलो आणि तळापासून काठापर्यंत दोन हात दिले. उन्हात तासाभरात वाळलं. वरून तांबड्या मातीचा हात दिला, म्हणजे सणाला उघडं-बोडकं दिसू नये. लच्चव्वाने तर कोपरे असे बसवले, की देवघर वाटावं. तेव्हा कुठे बतुकम्मा तरंगल्या!"

ऐलय्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. लच्चव्वाने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि काहीतरी बिनसल्याचं तिच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

"त्या अकरा मिलिमीटरवर डेपो होणार," तो म्हणाला. "इथेच. वरती."

राजव्वा प्रथमच हळू आवाजात म्हणाली, "आम्हाला काय माहीत? तुम्ही सांगायचं होतं."

"मी सांगायला तिथे असायला पाहिजे होतो, अक्का."

राजव्वाने विचारलं, "पुन्हा मोजता येत नाही का गुपचूप?"

गुपचूप काही होण्यासारखं नव्हतं. कागदावर सही झाली होती. दुसरा आकडा हवा, तर पहिला का चुकला ते सांगावं लागणार. आणि ते सांगायचं, तर राखणीला ठेवलेला माणूस सासुरवाडीला जेवून झोपला होता, हेही सांगावं लागणार. आठ-नऊ वर्षं ज्याचा आकडा न बघता लिहिला, त्याने. न सांगितलं, तर नळाची खोली आणि बापाच्या विहिरीत तालुक्याचा कचरा.

सकाळी तो निघाला तेव्हा लच्चव्वाने फडक्यात भाकऱ्या बांधून त्याच्या हातात दिल्या. मोजल्या तर दोन माणसांच्या होत्या. आणि त्या दिवशी ती दारापर्यंत आली.

माळावर चक्रपाणी सामान आवरत होते. कागदांची पिशवी जीपमध्ये गेली होती.

"सार, जायच्या आधी चौथ्या खड्ड्यावर या."

"का, शेळी पडली?"

ऐलय्या पुढे चालू लागला. खड्ड्यात अजून पाणी होतं. तो कपड्यांसकट उतरला, पाण्याच्या वरच्या कडेला थापी लावली आणि खरवडली. बोटभर जाडीची सलग खपली सुटून हातात आली. मागे मुरूम, लाल, भुसभुशीत. तो लगेच सुटून खाली पडायला लागला.

चक्रपाणींनी खपली हातात घेतली, मोडली, नाकाशी नेली.

"शेण?"

"शेण आणि तळ्यातला गाळ. सणाच्या दिवशी बायकांनी खड्डा सारवला, सार. बतुकम्मा सोडायला पाणी थांबत नव्हतं म्हणून. फुलं सोडायला मीच हो म्हटलं होतं. सारवलेलं मला ठाऊक नव्हतं. मी जेवायला गेलो होतो."

चक्रपाणी छत्री जमिनीवर आपटून म्हणाले, "म्हणजे मी शेणावर सही केली! पंचवीस वर्षांची नोकरी, आणि सही शेणावर!" आणि रागाच्या भरातच, थांबून, "एवढं गुळगुळीत? आमच्या कंपनीचे गवंडी असं सारवत नाहीत." मग पुन्हा राग. "तू राखणीला होतास ना रे?" त्या एकदाच त्यांनी 'गारू' लावलं नाही.

ते दोन दिवस थांबले. चौथ्या खड्ड्यापासून आठ हातांवर नवा खड्डा खणला, ऐलय्याने एकट्याने. पाजला. दुसऱ्या दिवशी मोजणी. गावात बातमी फुटली होती. बायका कामं टाकून बांधावर येऊन बसल्या, जशा काही कुस्त्या बघायला आल्या होत्या. चक्रपाणी या वेळी छत्रीखाली बसले नाहीत. पट्टीपाशी ऐलय्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि प्रत्येक आकडा स्वतः बघितला. ऐलय्याला ते लागलं.

"सोळा," पहिल्या पंधरा मिनिटांना ऐलय्या म्हणाला.

"पंधरा," पुढच्याला.

"पंधरा."

पाणी एकाच चालीने खाली जात होतं. कडेचे खडे टपटप आत पडत होते. बांधावरून राजव्वाचा आवाज आला, "पितोय का राक्षस?" कुणीतरी तिला गप्प केलं. तास झाला, दोन झाले, सहा झाले. तासाला साठ मिलिमीटर. शेवटचा आकडा सांगून ऐलय्या सरळ उभा राहिला, तेव्हा त्याला कंबर दुखते आहे हे कळलं.

चक्रपाणींनी कागद मांडीवर घेतला. पहिली मोजणी रद्द का, त्यासाठी खाली दोन ओळींची जागा होती. ते लेखणी धरून बसले.

"काय लिहू? खड्ड्याला लेप आढळला, एवढंच लिहितो."

"मग ते म्हणतील, गावाने मुद्दाम केला. पोलिसांत देतील, सार. बायकांना बोलावतील."

"डेपो आणणारे म्हणतीलच तसं. मग?"

"माझं नाव लिहा. राखणदाराने परवानगी दिली आणि जागा सोडून गेला. तेच खरं आहे."

"तुझं नाव लिहिलं, तर ती खोली गेली. माझ्या शिफारशीला कोण विचारणार?"

"होय, सार."

"बायकोला विचारलंस?"

"तिने भाकऱ्या बांधून दिल्या. दोन माणसांच्या."

चक्रपाणींनी त्याच्याकडे बघितलं. मग खाली मान घालून लिहिलं, आणि लिहिलेलं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐलय्याने ऐकून घेतलं. त्यानंतर दोघांनी पळसाखाली बसून त्या भाकऱ्या खाल्ल्या. चक्रपाणींनी लोणचं काढलं, कौलांवरून काही बोलले नाहीत.

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. ऐलय्याची गरज उरली नव्हती. डेपो पुढे दुसऱ्या बाजूच्या, काळ्या मातीच्या माळावर गेला, तोही बरीच वर्षं रखडून. चक्रपाणींचं कार्ड चार-पाच दसऱ्यांना येत राहिलं. 'ऐलय्यागारूंस' असं वर लिहिलेलं. मग यायचं थांबलं. खाजा एकदा बाजारात भेटला, तो म्हणाला, सार निवृत्त होऊन गोदावरीकाठी गेले. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

ऐलय्या मोदुगुपल्लीतच राहिला. विहिरींचा गाळ काढला, शेततळी खणली, दगड फोडले. आपण गावासाठी काही केलं असं तो कधी म्हणत नाही. कुणी म्हणालंच, तर सांगतो, "मी जेवायला गेलो होतो, माझी चूक." आणि लगेच तंबूतल्या गोष्टीवर येतो. छत्री, लोणचं, पंधरा मिनिटांनी येणारं ते "बोल".

कधी कधी दुपारी, घरात दोघंच असताना, लच्चव्वा विषय काढते.

"खिडकी पूर्वेला असती."

"कुठली खिडकी?"

"हैदराबादच्या खोलीची."

"ती खोली आपण बघितली तरी का?"

"तुम्ही नसेल बघितली. खिडकी पूर्वेला, नळ डाव्या हाताला. मी पाटा नळाजवळ ठेवला असता, म्हणजे वाटलं की लगेच धुता येतं."

"नळाजवळ ओल राहते. पाटा खिडकीखाली बरा."

"खिडकीखाली तुमची बाज."

"बाज बाहेर टाकली असती. व्हरांडा असेल ना?"

"असेल की," लच्चव्वा म्हणते, "विचारायचं राहिलं." मग दोघं थोडा वेळ त्या व्हरांड्याची लांबी-रुंदी ठरवत बसतात, आणि ती दर वेळी थोडी वाढते.